बोटावरचा ठिपका

ग्रीसचा डबा उघडला, तो कोंदट वास आला, की मला पैठण रोडवरची तापलेली पत्र्याची शेड आठवते. तिथं मी आणि माझ्यासोबतचे वयस्कर फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, खोदकामाच्या मशीनला ग्रीस भरत होतो. ग्रीसगनच्या नळकांड्यात मागून स्प्रिंग ग्रीस पुढं रेटते आणि हँडल मारलं, की दट्ट्या ते जबरदस्त दाबानं पाईपातून मशीनच्या सांध्यावरच्या निप्पलमध्ये, म्हणजे ग्रीस आत जायच्या बारीक तोंडात, घालतो. त्या दुपारी निप्पल चोंदलं होतं आणि पाईपाला सुईएवढं भोक पडलं होतं. पाईप बदलायचा सोडून मामांनी भोकावर बोट दाबलं. “मार तू, मी धरतो.” मी सगळा जोर लावून हँडल मारलं. मामांनी हात झटकला. बोटावर नुसता लाल ठिपका होता, रक्तसुद्धा नाही. “लई लागलं का?” मी विचारलं. “नाय रे, मुंगी चावल्यावानी झालं,” म्हणत त्यांनी भोकावर रबरी ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि आम्ही उरलेले सांधे संपवले. संध्याकाळी बोट काळंनिळं, दगडासारखं टणक झालं. गारखेड्याच्या दवाखान्यात ते चिरलं, तेव्हा आत तळहातापर्यंत ग्रीस शिरलेलं होतं. “तेव्हाच का नाही आलात?” डॉक्टर ओरडले. “काम राह्यलं होतं, साहेब,” मामा म्हणाले. बोट कापावं लागलं. आता माझी स्वतःची शेड आहे. पाईप जरा पाझरला, तरी मी तो कापून फेकतो आणि माझ्या माणसांना मामांची गोष्ट सांगतो. हँडल कुणाच्या हातात होतं, तेवढं सोडून.