मरियाआजीचा पहिलीचा वर्ग

माझी आजी मरियाबाई साठीच्या घरात असताना पहिलीच्या वर्गात येऊन बसली, ती माझ्यामुळे. एकाहत्तरच्या जूनमध्ये मला शाळेत घातलं तेव्हा मी घराची चौकट दोन्ही हातांनी अशी धरली, की वडील एक हात सोडवेपर्यंत दुसरा पुन्हा चिकटायचा. वडील, फिलिप, स्वभावाने मऊ. त्यांनी आजीकडे पाहिलं. आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल रोझी, मी बी बसते तुज्यासंगं. बघू तरी काय करत्यात तिथं."

आमचं गाव नगर जिल्ह्यात, शेवगावच्या अलीकडे. शाळा म्हणजे एक लांब खोली, चार इयत्ता आणि एकटे राधाकृष्ण गुरुजी. ते चौथीला भागाकार घालायला लागले की पहिलीची पोरं भिंतीवरची पाल बघत बसायची. आजी लहानपणी नगरला मिशनच्या बोर्डिंगात तिसरीपर्यंत शिकली होती. रोज दिवेलागणीला ती शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची. त्यापलीकडे तिने दुसरं पुस्तक उघडलं नव्हतं.

पहिले काही दिवस ती भिंतीला टेकून गप्प बसली. तिच्या आयुष्यात ती एवढी गप्प त्याआधी कधी बसली नसावी. मग एका सकाळी माझ्या शेजारच्या मुक्ताने 'धन' हा शब्द 'घन' असा वाचला, आणि आजीला राहवलं नाही.

"आगं, त्याची टोपी बघ की. टोपी फाटलेली हाय का न्हाई? फाटक्या टोपीचा तो ध. शाबूत टोपीचा घ."

मुक्ताने पुस्तक डोळ्याजवळ नेलं. "व्हय आजी, फाटलीय."

चौथीची पोरंसुद्धा मागे वळून आपापली पुस्तकं तपासायला लागली. गुरुजींनी खडू खाली ठेवला. "आजी, पहिलीचं वाचन तुम्हीच घ्या. मला निदान भागाकारापुरती शांतता मिळेल."

शांतता त्यांना मिळाली नाही. आजीला वाचनाची एकच चाल माहीत होती, देवळातल्या प्रार्थनेची. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. शब्द सावकाश उचलायचा, मध्ये लांबवायचा आणि शेवटी खाली ठेवायचा. आठवडाभरात सगळी पहिली त्याच चालीत वाचायला लागली. पुस्तकात बबन नावाचा एक मुलगा होता. 'बबन, घर बघ' हे आमचं पहिलं वाक्य. मुलांनी ते म्हटलं की रस्त्याने जाणारा माणूस पायातली पायताणं काढायचा.

पण आजीची खरी अडचण वेगळी होती. पुस्तकातली माणसं तिला खरी वाटायची, आणि ओळख झाल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही.

"बबन घर बघतोय," ती म्हणायची. "पर आत का जात न्हाई?"

मुलं विचारात पडली. मुक्ताचं म्हणणं, त्याने माठ फोडला होता आणि आई दारातच उभी होती. मी म्हणाले, त्याच्या घरी मामा आला असेल आणि मामा गालगुच्चे घेत असेल. मच्छिंद्र म्हणाला, ते घर बबनचं नाहीच, तो चुकीच्या गावात आलाय. यावर बरेच दिवस वाद चालला. पुढचं पान उघडायचं ते बबनचं काय झालं याचा काही पत्ता लागतो का, हे शोधायला. त्या शोधात आम्ही दिवाळीच्या आत पुस्तक संपवलं.

पुस्तकात बबन पुन्हा आला नाही. आजीला हे फार लागलं. "लिव्हणाऱ्यानं पोराला दारात उभं करून सोडलं," ती घरी येऊन वडिलांना म्हणाली. वडिलांनी मान हलवली. दुसरं काय करणार.

जानेवारीत तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. गावात त्यांना अजून दिपोटी म्हणत. गुरुजींनी आदल्या दिवशी आजीला हात जोडून विनवलं होतं, उद्या घरीच राहा. आजी राहिली नाही. फक्त अंगावर नवं लुगडं होतं.

साहेबांनी मच्छिंद्रला उभं केलं. मच्छिंद्रने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरात वाचलं, "बबन, घर बघ." शेवटी "आमेन" म्हणाला. त्याचे वडील मारुतीचे पुजारी होते.

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छताकडे पाहिलं.

"डोळे उघडून वाच," साहेब म्हणाले. मच्छिंद्रने डोळे उघडून, नीट बोट ठेवून, पुढचं सगळं पान वाचलं. एकदाही अडखळला नाही.

"छान. आता सांग, या बबनने काय केलं?"

"साहेब, त्यो चुकीच्या गावात आलाय."

"खोटं," मुक्ता बसल्या जागेवरून म्हणाली. "त्यानं माठ फोडलाय."

मग कुणी कुणाचं ऐकेना. गुरुजींनी छडी टेबलावर आपटली, तरी मामाचा पक्ष थांबेना. साहेबांनी एकेकाला वाचायला लावून पाहिलं. सगळे वाचत होते, आणि वाचून झालं की भांडत होते. शेवटी साहेब आजीच्या समोरच्या बाकावर बसले.

"आजीबाई, मग शेवटी तो आत गेला का नाही?"

"तेच तर इचारते मी," आजी म्हणाली. "तुमी सरकारात हाय, तुमाला ठाव असंल."

साहेबांनी वरच्या ऑफिसात विचारून बघतो म्हणून सांगितलं. जाताना शेऱ्यात 'वाचन उत्तम' असं लिहिलं, आणि आमेन कमी करावं असं गुरुजींना तोंडी सांगितलं.

एकाहत्तरला पाऊस आला नव्हता, बहात्तरलाही आला नाही. गावातल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या, आणि धाकटी भावंडं सांभाळायला अर्धा वर्ग त्यांच्यामागे गेला. आजी गुरुजींना म्हणाली, "पोरं हिकडं येत न्हाईत, तर मी तिकडं जाते." कामावर झोळ्या बांधलेलं एक लिंबाचं झाड होतं. त्याखाली एका हाताने झोळी हलवत आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरत पहिली पुन्हा भरली. दुपारी सरकारकडून सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ, वाटली जायची. तोंडात सुकडीचा बकाणा भरून 'भ' म्हणता येत नाही, हे तिथे कळलं.

बाया हातोडी चालवता चालवता ऐकायच्या. त्यात चांगुणाबाई होती, चार लेकरांची आई. एकदा तिने हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, "मरियाबाई, त्या पोराचं पुढं काय झालं?"

"ठाव न्हाई. तूच वाचून बघ."

चांगुणा रोज भाकरी खाऊन उरलेल्या वेळात झाडाखाली येऊ लागली. तिचा नवरा बन्सी हसला. "आता शिकून कलेक्टर व्हायचं का तुला?"

"न्हाई," चांगुणा म्हणाली. "बबनला घरात घालायचंय."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती अख्खं पुस्तक वाचायला लागली. बबनचा निकाल तिने माठाच्या बाजूने लावला. तिच्या घरी चार पोरं होती, तिला अनुभव होता.

नंतर शाळेला पहिलीसाठी नव्या बाई मिळाल्या. त्यांनी आजीला बोलायचं नाही या अटीवर वर्गात बसू दिलं, आणि पहिल्याच तासाला बोलली म्हणून बाहेर काढलं. आजी ओसरीवर बसली. अडलेली मुलं एकेक करून पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येऊ लागली. बाईंनी महिनाभर पाहिलं आणि मग स्वतःच तिला हाताला धरून आत आणलं.

आजी गेली तेव्हा मी नववीत होते. प्रेतयात्रेला आमच्या देवळातल्यांपेक्षा शाळेतली माणसं जास्त होती. शेवगावहून आलेले चर्चचे तरुण पाळक घाईत होते. त्यांनी शास्त्रातला उतारा भराभरा वाचायला घेतला. मागून चांगुणाबाईचा आवाज आला.

"पाळकसाहेब, जरा दमानं वाचा. म्हातारीला आवडायचं न्हाई असं."

वडील रडत होते, ते रडता रडता हसले. पाळकांनी चष्मा नीट केला आणि उतारा पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला.