हेमराजच्या खोलीतली बाई

हेमराजच्या खोलीत दिवसभर कोणी बाई बोलते, ही बातमी नाचणगावात मीच, त्याच्या शेजारणीने, पसरवली. मग एकदा खिडकीतून डोकावले, तर बोलत होता कॉम्प्युटर! हेमराजला दिसत नाही, म्हणून तो आवाज त्याला पडद्यावरचं सारं वाचून दाखवतो.

काही सॉफ्टवेअरमध्ये मात्र हा आवाज मुका होतो. तिथे कुठल्या बटनाला काय म्हणायचं, ते हेमराज स्क्रिप्ट लिहून त्याला शिकवतो. आष्टीच्या बियाण्यांच्या गोदामात नोंदी करणारी जयाही अंध. तिच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरसाठी तो तीन महिने खपला. बटनांवरची अक्षरं वाचायला डोळे माझे, चहाच्या बोलीवर.

परवा ते बनवणाऱ्या कंपनीने सॉफ्टवेअरच बदललं आणि हेमराजची स्क्रिप्ट वाया गेली. जयाने फोनवरून ऐकवलं, आवाज नुसता "बटन, बटन, बटन" म्हणत होता. सोमवारपासून तिच्या खुर्चीवर दुसरं माणूस बसणार. बटनांना नावं तुम्हीच द्या, अशी हेमराजने कंपनीला याआधी चार पत्रं लिहिली होती, एकाचंही उत्तर नाही. आता तो कीबोर्डवर हात ठेवून नुसता बसला होता.

मला राहवेना. म्हटलं, "हेमराज, कॉम्प्युटरात दुसरी बाई पाह्य बाप्पा, हिच्या डोक्यात काही राहत नाई."

तो हसला नाही. म्हणाला, "काकू, माह्या घरात बाई हाये, हे तुमी दोन दिवसात देवळीपर्यंत पोचवलं. आता 'बटनाले नाव द्या', एवढं त्या कंपनीपर्यंत पोचवा. माहं तं कोनी ऐकूनच नाई राह्यलं."