पुढचे दोन पाय

तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर बसला आहात, तिची बैठक कोणी विणली हे तुम्हाला ठाऊक आहे? नसणारच. मलाही नव्हतं. सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथल्या झाडून सगळ्या वेताच्या खुर्च्या एकाच माणसाने विणलेल्या होत्या. तो मागच्या पडवीत सागवानी पाटावर बसलेला असायचा. आपली एकही खुर्ची त्याने डोळ्यांनी पाहिली नव्हती. लहानपणी अंगावर देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. आम्ही त्याला वेतबापू म्हणायचो. हजेरीपटावर तो ‘वेतकाम, अंध, एक’ एवढाच होता.

बापूला माणसं आवाजावरून कळायची, यात नवल नाही. पण त्याला ती खुर्चीवरून कळायची. दुरुस्तीला आलेल्या बैठकीवरून तो तळहात फिरवायचा आणि निकाल द्यायचा. "ह्यो गडी फुडच्या काठावर बसतुया. सायबाला लय भितो." हेडक्लार्क नेमके तसेच बसायचे. माझ्या खुर्चीवर हात फिरवून एकदा म्हणाला, "तुजी बैठक कोरी करकरीत हाय की रं! बसतोस कवा? सारका उटून भांडतोस." सगळी पडवी हसली. मीही हसलो, कारण ते खरं होतं. कामगार चळवळीची पत्रकं वाचतच मी मोठा झालो होतो आणि आता स्वतः लिहून वाटतही होतो.

वेत बादलीत भिजवायचा, मऊ झाला का ते ओठांना लावून बघायचं, मग चौकटीच्या भोकांतून ओवत जायचं. आधी उभे धागे, मग आडवे, शेवटी तिरपे. तिरप्या धाग्यांशी तो सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. मी एकदा कारण विचारलं. "उबं-आडवं नुस्तं दिसायला," तो म्हणाला. "माणसाचं वजन तिरपं धरतंय गड्या. सरळ असतंय त्येच आदी तुटतंय."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

नवे साहेब आले आणि त्यांनी हुकूम काढला : सर्व खुर्च्यांवर रेक्झिनच्या गाद्या, महिनाअखेर वेतकाम बंद. मी पेटलो. त्याच दिवशी पत्रक लिहिलं आणि बापूला वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "झ्याक लिवलंयस. पर मला ते वाचता येत न्हाई, आन सायबाला वाचायचं न्हाई." मग हातातला वेत खाली ठेवला. "भाऊ आटपाडीकडं मेंढरं राखतोय. त्येच्या दारात मी आंधळा म्हणून बसायचं? हितं मी कामगार हाय रं."

आमच्या अडगळीत एक खुर्ची पडून होती. कोयनेचं धरण बांधायला घेतलं त्या काळात, कुणा परदेशी वास्तुकाराच्या आराखड्यावरून कराडच्या सुतारांनी तशा काही खुर्च्या केल्या होत्या. बुटकी, रुंद, सागवानी, पाय उलट्या कात्रीसारखे फाकलेले. पुढे कोयनेच्या भूकंपात तिच्यावर भिंत पडली. एक हात निखळला, वेत फाटला आणि ती कशीबशी सांगलीला आली. आता मुंबईचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. तरुणपणी कोयनानगरला ते अशाच खुर्चीत बसायचे, असं आमच्या साहेबांना कळलं. आठ दिवसांत खुर्ची उभी करा, म्हणाले. हिच्यावर गादी चालणार नव्हती, वेतच हवा होता.

बापूने अडगळीत जाऊन तिच्यावरून हात फिरवला आणि भिंतीला हात लावत साहेबांच्या खोलीपर्यंत गेला. "सायेब, ही जमली तर मला ठेवशीला का?"

"बघू," साहेब म्हणाले.

त्या एका ‘बघू’वर बापूने सगळा जीव लावला. कचेरीतल्या वेताला वास येतो म्हणाला आणि स्वतः निवडायला एस.टी.ने मिरजेला गेला. तो तिकडे असताना लाकूडकामाला दत्तू सुतार आला. दत्तू माधवनगरच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. मागाची चौकट केसभर कलली तरी कापड बिघडतं, तेव्हा त्याची नजर ओळंब्याची. त्याने हात बसवला, खुर्ची फरशीवर ठेवली आणि तो चुकचुकला. "आवं, ही मागं खचलीया. भूकंपानं मागचं पाय बसल्यात."

मी वाकून पाहिलं. बैठक खरंच मागे कललेली होती. आणि माझ्या डोक्यात, देवाशपथ सांगतो, पत्रक सुरू झालं : साहेबलोकांना लोळायला केलेली खुर्ची! "चारही पाय सारखे करा," मी म्हणालो. दत्तूने पुढच्या दोन पायांचे दोन-दोन बोटं तुकडे उतरवले. चहावाल्याने ते शेगडीत घातले.

दुपारी बापू परतला. वेताची मोळी खाली ठेवून त्याने चौकटीवर हात फिरवला. पाठ, हात, बैठकीची कड, मग पुढचे पाय. ताज्या कापलेल्या टोकांवर बोटं थांबली. टोक हुंगलं.

"कुणी कापलं?"

"बापू, ती मागे खचली होती."

"खचली नव्हती रं. ती बसणाऱ्याला मागं घेत हुती." तो खाली बसला. "धा तास उनात हुबं ऱ्हाऊन आलेल्या माणसाला टेकाय केली हुती कुणीतरी. तू मला इचारलं का न्हाईस?"

मी त्याच्यासाठी लढत होतो आणि त्यालाच विचारलं नव्हतं.

जुनं, मुरलेलं सागवान एवढ्या घाईत कुठून आणणार? दत्तू मलकापूरपर्यंत वखारी हिंडून हात हलवत आला. तेव्हा बापूने बूड उचललं आणि आपला पाट पुढे सारला. "ह्येच्यातनं काड." दत्तूने करवत लावली. पाटातून चार बोटं लाकूड निघालं, पुढच्या पायांना खाली सांधे बसले. पुढचे तीन दिवस बापू उघड्या फरशीवर बसून विणत होता. गुडघे सुजले, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी वेत भिजवून देत होतो. मी दिलेला प्रत्येक वेत तो पुन्हा ओठांना लावून बघत होता.

मोठे साहेब आले. बसले. पाठ टेकली, डोळे मिटले. "हीच," म्हणाले. आमचे साहेब म्हणाले, "जपून ठेवली होती सर."

मी दारातून ओरडलो, "बापूंनी विणलीय ती! आणि महिनाअखेर त्यांना घरी पाठवताहेत!"

मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. "अरे वा, छान काम आहे," म्हणाले आणि आमच्या साहेबांकडे वळले. "मुंबईला पाठवून द्या ही."

खुर्ची जीपमधून गेली. हुकूम राहिला. महिनाअखेरीला मी बापूला स्टँडवर सोडायला गेलो. हातात दाभण, वेत अडकवायच्या खुंट्या आणि तुटक्या पाटाची पिशवी. मी माफी मागितली.

"माफी घिऊन काय करू?" तो म्हणाला. "फुडच्या येळंला काम करणाऱ्याला इचार. मग लाव करवत."

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे जाऊन आलो. भावाच्या दाराशी बसला होता. वहिनीच्या बाजेचा सुंभ उसवायचा, पुन्हा विणायचा, पुन्हा उसवायचा. बोटं तशीच चपळ. माझा आवाज ऐकून पहिला प्रश्न : "एकादी खुर्ची आणलीस का रं?"

मी रिकाम्या हातांनी गेलो होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. घरात, शाळेत, कचेरीत वेत फाटलेली खुर्ची असेल तर तिच्यावर फळी ठोकू नका, गादी टाकू नका. एस.टी.च्या टपावर चढवा. आटपाडीच्या स्टँडवर उतरवून घ्यायला सांगा, ‘वेतबापूची’ म्हणा, कुणीही नेऊन पोचवेल. आजच पाठवा. तिचे पाय वाकडे वाटले तरी तसेच राहू द्या. काय करायचं ते तो हात फिरवून ठरवेल.