मावशीचे प्रश्न आणि माझं कन्नड

मावशी संक्रांतीच्या सुमाराला घरी आली, तेव्हा ती आत्ता कशी आली याचंच मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं. आईची ही थोरली बहीण तमाशाच्या फडात नाचायची. दसऱ्याला फड बाहेर पडला की जत्रांचा हंगाम सरेपर्यंत ती आम्हांला दिसायची नाही. मग निपाणीला आमच्याकडे यायची, पावसाळाभर आईबरोबर विड्या वळायची आणि पुन्हा निघून जायची. एकीनं नाचावं आणि एकीनं संसार करावा, असं आजीनं ठरवलं होतं. मावशी थोरली, म्हणून ती फडात गेली. आई लग्न होऊन तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या माझ्या वडिलांकडे आली.

आणि आता भर हंगामात तिची पत्र्याची ट्रंक आमच्या सोप्यात येऊन पडली होती. फडातला ढोलकीवाला, ज्याच्याबरोबर तिनं सगळी उमेदीची वर्षं काढली होती, तो दिवाळीनंतर वारला एवढंच आम्हांला कळलं होतं. जेवणं झाल्यावर तिनं आईवडिलांना समोर बसवलं. मला बाहेर जा म्हणाली नाही.

"त्यो ज्या रोगानं गेला, त्यो मला बी हाय," ती म्हणाली. "रक्त तपासलंय. आता तुमीच सांगा, ऱ्हाऊ का जाऊ."

आईनं तिचा हात धरला.  वडील म्हणाले, रहा, पण ताट-तांब्या वेगळा ठेवू. मावशीला त्याचं वाईट वाटलं असणार. पण तिनं विचारलं ते असं, की जणू खरोखरच उत्तर हवं होतं: ताट वेगळं ते कशासाठी? ताटातनं नेमकं काय जातं? वडिलांना सांगता येईना. आईलाही माहीत नव्हतं. त्या काळात एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर त्या रोगाबद्दल कन्नडमध्ये रंगवलेलं असायचं, वर कवटीचं चित्र. मावशीनं मला तिथं नेऊन ते वाचायला लावलं. त्यात भ्यायला सांगितलं होतं. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, ते लिहिलं नव्हतं.

"मग चल बेळगावला," ती म्हणाली. "डागदरलाच इचारू."

मला का न्यायचं, तर मला कन्नड येत होतं. मी सातवीत होते, मराठी शाळेत, पण कन्नडचा तास रोज असायचा आणि शेजारच्या पोरींबरोबर खेळून बोलायलाही जमायचं. मावशीचं सगळं आयुष्य सीमेपलीकडच्या जत्रांमध्ये गेलेलं. तिला भाजी घेण्यापुरतंही कन्नड येत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, धारवाडकडची. मराठी तिला कळायचं थोडं, बोलता यायचं नाही. दुभाषी म्हणून एक शाळकरी मुलगी पुढं आलेली बघून ती अवघडली. मोठं कुणी नाही का, असं तिनं मला विचारलं. मी ते मावशीला सांगितलं. मावशी म्हणाली, "असू दे. तिला बी कळू दे."

मग प्रश्न सुरू झाले. डासानं होतो का? एका साबणानं होतो का? एका तांब्यातनं पाणी प्यालं तर? डॉक्टर नाही म्हणायची, मी नाही म्हणायचे. नंतरचे प्रश्न बाईमाणसाच्या शरीराचे होते. त्यांतले काही शब्द मला मराठीतही माहीत नव्हते, कन्नडमध्ये कुठून आणणार? डॉक्टर मोडकं हिंदी बोलू लागली, मावशीही हिंदीवर आली, आणि मी मधे बसून कान टवकारून ऐकत राहिले. घरात जे कुणी मला सांगितलं नसतं ते सगळं मला त्या टेबलाशी कळलं.

शेवटी मावशीनं विचारलं, नाचता येईल का. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाली, "कुणीबहुदु."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "कुणी म्हंजे? मीच की."

मला हसू आवरेना. कन्नडमध्ये कुणी म्हणजे नाच, आणि डॉक्टर सांगत होती की नाचायला हरकत नाही. मी ते डॉक्टरला समजावलं तेव्हा तीही हसली. त्यानंतर ती मावशीशी जरा मोकळेपणानं वागू लागली.

निघताना मावशीचा एक प्रश्न राहिला होता. तो तिनं खाली बघून विचारला.

"मला त्याच्यापासनं झाला, का त्याला माझ्यापासनं?"

डॉक्टर म्हणाली, ते सांगता येत नाही. मी तसंच सांगितलं. परतीच्या गाडीत मावशी संकेश्वर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कळत न्हाय ते एक बरंच हाय. मी त्याला काय बोलू न्हाय शकत, त्यो मला न्हाय."

पुढच्या खेपेला तिनं वडिलांना बरोबर ओढलं. त्यांनी ताटाचा प्रश्न स्वतः विचारला आणि उत्तर स्वतः ऐकलं. त्या दिवसापासून ताट वेगळं राहिलं नाही. पण भीती लगेच गेली नाही. मावशीनं केलेला चहा ते काहीतरी कारण काढून टाळायचे, आणि ती ते ओळखून चहा आईला करायला लावायची. असं वर्षभर तरी चाललं असेल.

फडाच्या मालकिणीनं तिला परत घेतलं नाही. बाकीच्या बाया एका रावटीत तिच्याबरोबर कपडे बदलायला तयार नाहीत, असा निरोप आला. मावशी त्या दिवशी जेवली नाही. पण हंगाम संपल्यावर त्यातल्याच दोघी आमच्या दारात उभ्या राहिल्या. भेटायला आलो म्हणाल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी हळूच विचारलं की रक्त तपासतात ते कुठं. मावशी त्यांना घेऊन गेली. त्यातली एक आता नाही. दुसरी आमच्याकडं येते अजून. पुढं इतरही येऊ लागल्या. तोवर मावशीला दवाखान्यातलं कन्नड येऊ लागलं होतं आणि माझी गरज उरली नव्हती. मला ते जरा लागलंच.

मधली वर्षं वाईट गेली. तिला क्षय झाला, अंगावर मांस राहिलं नाही, आईनं तिचं सगळं केलं. त्या मूळ रोगावरच्या सरकारी गोळ्या फुकट मिळायला लागल्या तेव्हा ती अंथरुणावर होती. पहिल्यापहिल्यांदा गोळ्यांनी गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. ती सकाळी ती स्वप्नं आम्हांला खुलवून सांगायची. हळूहळू ती उठली. स्वयंपाक करू लागली, मग बाजारात जाऊ लागली.

मी आता बेळगावला टिळकवाडीत राहते, शाळेत शिकवते. मावशी निपाणीतच आहे, आईबरोबर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी जवळच्या एका गावच्या जत्रेत तिच्या जुन्या फडाचा तमाशा होता. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांसमोर जो खेळ होतो, त्याला हजेरी म्हणतात. त्याला ती आईला आणि मला घेऊन गेली. मालकीण नवी होती, मुली तर ओळखीच्याही नव्हत्या. आम्ही पुढं सतरंजीवर बसलो. गण झाला, गौळण सुरू झाली. मावशी मान पुढं काढून बघत होती, आणि मी तिच्याकडं. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"समोरनं असं दिसतं व्हय?" ती मला म्हणाली. "म्या कधी बघितलंच न्हवतं गं."

मग जरा सरकून बसली आणि डाव्या बाजूच्या मुलीचा पाय ठेक्यावर पडत नाही, हे आईला दाखवू लागली.