डेस्कटॉपच्या तोडीचा

लॅपटॉप घ्यायचा तर डेस्कटॉपच्या तोडीचा घ्यायचा, नाहीतर घ्यायचाच नाही, असं मी आमच्या ह्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे म्हणाले, "अगं, लॅपटॉप म्हणजे लॅपटॉप. तोडीचा बिडीचा काय?" ज्याला पंख्याचं बटण कुठलं आणि ट्यूबचं कुठलं हे अजून दाबून बघावं लागतं, तो माणूस मला हे सांगत होता.

मी चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं करते. म्हणजे करत होते, असं म्हणायला हवं. सोलापुरात राहून चादर कुणाला नवी नाही, पण तिच्यावरचा मोर कुठून येतो हे कुणी विचारत नाही. तो मोर आधी कॉम्प्युटरवर बसवावा लागतो. पडद्यावर बारीक बारीक चौकटी, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा, कुठला वर आणि कुठला खाली ते भरत जायचं. मग कापड विणून झाल्यावर कसं दिसेल ते कॉम्प्युटर दाखवतो, आणि ते दाखवताना भल्याभल्या मशीनला घाम फुटतो. त्यामुळे मला दणकट मशीन लागायचं. मिजास म्हणून नव्हे, पोटासाठी.

माझा डेस्कटॉप माहेरचा. बार्शीत लग्नाआधी नोकरी करून मी तो स्वतः घेतला होता आणि लग्नानंतर टेम्पोत माझ्याबरोबरच शुक्रवार पेठेत आला. रुखवतात तेवढा मांडला नव्हता. काळा मोठा डबा, जाडजूड पडदा, खाली लोखंडी टेबल. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याला जागा मिळाली, कारण तो दुसरीकडे कुठे मावतच नव्हता. आणि त्याला जागा मिळाली म्हणून मलाही मिळाली.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, घरात माझ्या कामाला मान आहे. उन्हाळ्यात सासूबाईंनी स्वतःहून सांगून कूलर पुढच्या खोलीत आणवला तेव्हा तर मी हरखूनच गेले. "त्ये मशीन लई तापतंय, जळंल की," असं त्या ह्यांना सांगत होत्या. सोलापूरचा मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि मी कूलरसमोर बसून मोराला पिसारा काढतेय! मैत्रिणींना फोन करून सांगितलं मी, सासू मिळावी तर अशी. काय डोंबलाची सासू! कूलर डब्यासाठी होता. मी आपली मध्ये बसलेली होते.

खंडेनवमीला तर थाटच. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कोयता, सासऱ्यांच्या वेळची जुनी कुऱ्हाड, ह्यांच्या स्कूटरची किल्ली. बाकीची हत्यारं पाटावर यायची, पण डेस्कटॉप उचलता येत नाही म्हणून सगळं घर माझ्या टेबलापाशी यायचं. सासूबाई डब्याला हळदकुंकू लावायच्या, पडद्याला झेंडूची माळ घालायच्या, आणि मी खुर्चीतच बसलेली असले तर जाता जाता माझ्याही कपाळाला बोट लागायचं. रोजचं काम संपलं की त्या पडद्यावर टॉवेल टाकायच्या, धूळ बसू नये म्हणून. टॉवेल मीच काढलेल्या डिझाइनचा, कारखान्यातून नमुना म्हणून आलेला.

मग भाऊजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, लग्न ठरलं. नव्या जोडप्याला खोली पाहिजे, आणि मोकळी करता येईल अशी खोली एकच, पुढची. त्यात कुणाची चूक नव्हती हो, मी मान्य करते. मी एवढंच विचारलं, "मग मी कुठे बसू?" त्यावर सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं, जणू आधीच ठरलेलं होतं. लॅपटॉप घे. डेस्कटॉप माळशिरसला ताईंकडे, म्हणजे नणंदेकडे, पाठवू. त्यांच्या पोरांना होईल.

दुकानात आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि भाऊजी. दुकानदार भाऊजींचा मित्र, म्हणून तो बोलायचा फक्त त्या दोघांशी. "वहिनींना कशाला पाहिजे? सिनेमा बघायला का मुलांच्या अभ्यासाला?" मी शेजारीच उभी होते. मी म्हटलं, "कामाला." तर भाऊजींना म्हणतो कसा, "मग हा घे बे. एकदम पातळ. बायकांना उचलायला हलका पडतो."

माझं डोकंच फिरलं. मी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. माझं सगळ्यात जड डिझाइन त्यात भरून नेलं होतं, डबल बेडची चादर, चारी बाजूंना वेलबुट्टी, मधे मोरांची जोडी. म्हटलं, "हे चालवून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर." पातळवाला सुरुवातीला टणाटण पळाला. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, "थांबा जरा." थोड्या वेळाने त्याला धाप लागली, मोराची मान निघाली आणि पिसारा निघेचना. पातळ लॅपटॉपचं हेच असतं, आतली गरमी बाहेर टाकायला जागा नसते, मग तो जीव वाचवायला हळू होतो. दुकानातले सगळे लॅपटॉप मी असे पळवले. प्रोसेसर मोठ्या ताकदीचा पाहिजे, ग्राफिक्स कार्ड वेगळं पाहिजे, रॅम पुढे वाढवता आली पाहिजे, कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची पट्टी पाहिजे, आणि लाल रंग लालच दिसला पाहिजे, विटकरी नको. हे बाहेर जाऊन पान खाऊन आले. भाऊजी मोबाइलमध्ये तोंड घालून बसले.

शेवटी कोपऱ्यातला एक काळा, जाड, पाट्यासारखा जड लॅपटॉप निघाला. त्याने पिसाऱ्यासकट दोन्ही मोर काढून दिले आणि पंखा गरगर फिरवत तसाच तयार राहिला. पैसे माझ्याच कमाईचे होते, त्यामुळे कुणी आडवं आलं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तो उचलून पोटाशी धरून मी दुकानाची पायरी उतरले. भाऊजी म्हणाले, "बघा वहिनी, आता कुठेही बसता येतं."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की कान किटले.

कुठेही म्हणजे कुठे? आतल्या खोलीत पलंग होता, त्यावर बसले. लॅपटॉप गादीवर ठेवला की त्याच्या खालची हवेची भोकं बुजायची आणि तो तापायचा. चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचायची नाही, आणि चार्जर काढला की हा पठ्ठ्या निम्म्या ताकदीवर यायचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वायर पोचायची, पण तिथे फोडणी उडायची. जिन्यात हवा होती, प्लग नव्हता. म्हणजे मी निवडलेला लॅपटॉप खरोखरच डेस्कटॉपच्या तोडीचा होता. त्यालाही टेबल पाहिजे होतं, प्लग पाहिजे होता, वारा पाहिजे होता. फक्त तो उचलता येत होता, म्हणून ते त्याला कुणी दिलं नाही. मी टेबल मागितलं. हे म्हणाले, "लॅपटॉपला कुणी टेबल घेतं का? मग लॅपटॉप घेतला कशाला?" बोला आता!

आणि माझी तऱ्हा काय? पूर्वी मी टेबलाशी बसले की "ती कामात आहे" असं घरातले आल्यागेल्याला सांगायचे. आता मी पलंगावर पाय दुमडून बसलेली, म्हणजे रिकामीच. पडद्यावर चक्र फिरत असलं की सासूबाई शेंगांची परात आणून पुढ्यात ठेवायच्या. "तसंबी त्ये गोल गोल फिरतंयच की, तवर एवढ्या फोड. चटणी कांडायचीय." मी शेंगा फोडायची, टरफलं कीबोर्डवर पडायची, आणि ती फुंकून मी पुन्हा चौकटी भरायची. त्या वर्षी खंडेनवमीला लॅपटॉपला बोलावणं आलं. "आण गं त्ये हिकडं." पाटावर विळ्याशेजारी, स्कूटरच्या किल्लीच्या वर त्याला जागा मिळाली. मी तेव्हा स्वयंपाकघरात पुरण वाटत होते.

कारखान्याच्या मालकांनी नव्या चादरींचं काम दिलं ते लग्नाच्या धामधुमीत. एका मोठ्या गिऱ्हाइकाला नमुने दाखवायचे होते. हे जमलं तर वर्षभराचं काम माझ्याकडे येणार होतं, आणि वर्षभराचं काम आलं की मी पेठेतच कुणाची तरी एक खोली भाड्याने घेणार होते. कुणाला बोलले नव्हते. मनातल्या मनात टेबलसुद्धा लावून झालं होतं, खिडकीकडे तोंड करून.

मी जीव तोडून काम केलं. येणारा-जाणारा झाकण मिटायचा, म्हणून मिटलं तरी काम चालू राहील अशी सोय मी लॅपटॉपमध्ये करून ठेवली होती. शेवटच्या दुपारी सगळं डिझाइन पूर्ण करून मी कापडाचं चित्र काढायला लावलं. खाली पोळपाट ठेवला, हवा लागावी म्हणून, शेजारच्या खोलीतून एक्स्टेन्शनची वायर ओढून आणली, आणि आतून हाक आली म्हणून पाहुण्यांचा चहा करायला गेले.

पाहुणे नव्या सुनेकडचे. त्यांना घर दाखवायचं होतं. पलंगावर पोळपाट आणि त्यावर उघडं मशीन हे काही बरं दिसेना, म्हणून सासूबाईंनी आवराआवर केली. वायर काढली, झाकण मिटलं, धूळ बसू नये म्हणून लॅपटॉप पूर्वी डेस्कटॉपवर टाकायच्या त्याच टॉवेलात नीट गुंडाळला, आणि कोपऱ्यात चादरी-उशांच्या ढिगात मधोमध ठेवला. वर आणखी दोन चादरी. मायेनेच केलं असणार. आत तो बिचारा टॉवेलात तोंड दाबून मोर काढत राहिला.

मी चहाचे कप विसळून आले तर पलंग चकाचक. "आई, लॅपटॉप कुठंय?" त्यांनी बोट दाखवलं. टॉवेल सोडवताना हाताला चटका बसला. लॅपटॉप बंद पडला होता. गार झाल्यावर सुरू झाला, पण दिवसभराचं काम असलेली फाइल उघडेना. आदल्या दिवशीची होती, ती अर्धवट. दुसऱ्या दिवशी मी मालकांना तीच अर्धवट दिली आणि थोडी मुदत मागितली. माणूस सभ्य. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताला तोड नाही. पण आम्हाला जरा ऑफिस असलेला माणूस बघावा लागेल." आणि त्यांनी बघितला.

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "एवढा भारी लॅपटॉप घेऊन दिला, तरी नाही जमलं तुला?" घेऊन दिला! मी मूग गिळून गप्प बसले नाही, चांगली तोंडाला तोंड देऊन भांडले, ताट ढकलून उठले. उपयोग काय? ज्या माणसाशी भांडले त्याला भांडण कशाचं आहे तेच कळलं नव्हतं. "आणखी एक लॅपटॉप घेऊ," असं म्हणाला शेवटी, समजूत काढायला.

या उन्हाळ्यात आम्ही माळशिरसला ताईंकडे गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, माझा डेस्कटॉप. त्याला नवं टेबल केलं होतं, खुर्चीला गादी होती, पडद्यावर क्रोशाचं झाकण होतं. पोरं त्यावर गाड्यांचा खेळ खेळतात म्हणे, तेही सुट्टीत. त्या वेळी खोलीत कुणी नव्हतं. कूलर मात्र चालू होता, आणि त्याचं तोंड त्या डब्याकडे होतं.

मी जाऊन खुर्चीत बसले. काही करायचं नव्हतं. नुसते दोन्ही हात टेबलावर ठेवले, गार वारा मानेवर आला, आणि मला एकदम रडू फुटलं. इतकी शहाणी मी, दुकानभर लॅपटॉप पळवून तोडीस तोड हुडकून काढला, आणि मला मिळालं काय?

सासूबाई मागून आल्या. "ऊठ गं तितनं. धक्का लागंल त्याला, लई नाजूक काम हाय."

"आई," मी म्हटलं, "माझाच आहे तो."

"व्हता की," त्या म्हणाल्या. खरंच सहज म्हणाल्या, मनात काही न ठेवता. "आता तुला लॅपटॉप हाय न्हवं? तू काय, कुटंबी बसशील."

मी उठले. त्यांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली, पडद्यावरचं झाकण सारखं केलं. कुठे बसावं ते मला कळेना, म्हणून मी तशीच भिंतीपाशी उभी राहिले.