सासरच्या नावाचं खातं

बँकेतल्या साहेबांनी माझा पासपोर्ट आणि माझं पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, दोन्हींवरून एकदा बोट फिरवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, या दोघींपैकी तुम्ही कोण?"

मला हसू आलं. म्हटलं, दोघीही मीच. ते हसले नाहीत. तरुण होते, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहानच असतील, आणि त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टर रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतात तसं काहीतरी होतं. मी नर्स आहे. तो चेहरा मला चांगला ओळखू येतो. माझं हसू मी आवरलं.

काम तसं सरळ होतं. मी आयर्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरी करते. माझी मुलगी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आजीआजोबांजवळ, म्हणजे माझ्या सासूसासऱ्यांजवळ, वाढत होती. नवरा ती पाळण्यात असतानाच गेला, साध्या तापाचं निमित्त होऊन. ती तीन वर्षांची झाल्यावर मी तिकडे गेले आणि आता ती नऊ वर्षांची होती. तिला माझ्याकडे न्यायचं तर तिच्या खर्चाला पुरेल एवढा पैसा तिथल्या माझ्या खात्यात दिसायला हवा, असा तिकडचा नियम. पैसा होता, पण सगळा नाशिकच्या खात्यात. तो तिकडे न्यायला आधी खातं परदेशात राहणाऱ्यांच्या प्रकारात बदलावं लागतं. त्यासाठी पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टवरचं नाव खात्यावरच्या नावाशी जुळावं लागतं.

माझं जुळत नव्हतं. नुसतं आडनाव असतं तर निभावलं असतं. माझं सगळंच वेगळं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे साहेबांनाही ठाऊक होतं. ते नाशिकचेच. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, नाव घ्यायचा आग्रह होतो आणि सगळे हसतात. मीही हसले होते. नाव सासूबाईंनी काढलं होतं, त्यांच्या मुलाच्या नावाशी जुळणारं, आणि खरं सांगायचं तर मला ते माझ्या जुन्या नावापेक्षा आवडलं होतं. लग्नाच्या लॉन्सवरून निघताना माहेरच्या नावाने हाक मारणारी माणसं मागे राहिली आणि गाडीत बसले ती दुसरीच कुणी. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, उलट गंमत वाटली.

पासपोर्ट मात्र लग्नाआधीच काढलेला, परदेशातल्या नर्सिंगच्या परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून. डिग्री, आधारकार्ड, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, पुढे पासपोर्टचं नूतनीकरण आणि आयर्लंडचा करार, सगळं त्याच नावावर. लग्नाची नोंदणी आम्ही केली नाही. नवरा म्हणायचा, कुठे पळून जाणार आहेस? सासरच्या रेशनकार्डावर नवं नाव चढलं. त्या वेळचे मॅनेजर सासऱ्यांच्या रोजच्या फिरण्यातले, त्यामुळे तेवढ्यावर बँकेत खातंही उघडून मिळालं. फोटोत मी डोक्यावरून पदर घेतलेली, नाकात नथ, गाल बसलेले. साहेबांनी तो फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, चेहरा जुळतो. आणि जरा थांबून म्हणाले, बहिणीबहिणींचे जुळतातच.

हे बहिणीचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला लगेच कळलं.

मी पहिल्यांदा आयर्लंडला गेले तेव्हा तिथे खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा होता. पत्त्याचा पुरावा म्हणजे विजेचं बिल. विजेचं बिल माझ्या नावावर व्हायला बँकेत खातं हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. पगार इस्पितळात अडकलेला आणि मी पावाला जॅम लावून दिवस काढतेय. शेवटी घरमालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली आणि काम झालं. कार्ड पोस्टाने आलं, त्यावर माझं माहेरचं नाव छापलेलं. ते मी किती तरी वेळ हातात धरून बसले होते. त्या नावाने मला हाक मारणारं माणूस तोवर जवळजवळ उरलंच नव्हतं.

मग दर महिन्याला मी नाशिकला पैसे पाठवू लागले. परक्या मुलखात पैसा साठवू नये, आपल्या माणसांत ठेवावा, ही माझ्या वडिलांची शिकवण. पाठवायच्या ॲपमध्ये पहिल्याच वेळी प्रश्न आला, पैसे घेणाऱ्याशी तुमचं नातं काय. मी 'स्वतः' निवडलं. ॲपने नाकारलं, कारण पाठवणारीचं नाव एक आणि घेणारीचं दुसरं. खाली यादी होती: आई, वडील, भाऊ, बहीण. मी रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटत होते. बहीण निवडलं, पैसे गेले. पुढे ॲप आपणहून तेच भरत राहिलं. सहा वर्षं मी स्वतःला स्वतःची बहीण म्हणून पैसे पाठवले, आणि मैत्रिणींना मी ते गंमत म्हणून सांगितलंही होतं.

साहेबांनी संगणक माझ्याकडे वळवला. प्रत्येक नोंदीसमोर तेच होतं, बहीण. ते म्हणाले, "मॅडम, हे मी म्हणत नाही. तुम्हीच लिहून दिलंय. आता तुमच्या बहिणीच्या खात्यातले पैसे मी तुमच्या नावावर बाहेर कसे पाठवू?"

मी जुनी सही करून दाखवली. वर्षानुवर्षं केलीच नव्हती. एटीएम कार्ड सासऱ्यांकडे असायचं, मुलीच्या शाळेची फी ते त्यातूनच भरायचे. तिसऱ्यांदा तर ती पहिल्या दोन्हींसारखीही आली नाही. मालेगावहून भावाला बोलावते म्हटलं. तर म्हणाले, माहेरचे लोक पासपोर्टवालीला ओळखतात यात शंकाच नाही, खातेवालीला ओळखणारं कुणी हवं. लग्नपत्रिका आणते म्हटलं. त्यावर तरी तुमचं हे खात्यावरचं नाव कुठे असणार, असं त्यांनीच विचारलं आणि ते खरंच होतं. पत्रिकेवर वधूचं माहेरचंच नाव छापतात, नवं तर ताटात उमटतं आणि मग ते तांदूळ भरून ठेवतात. राजपत्रात नावबदल छापता येतो, पण तो आजपासून पुढचा, आणि माझी रजा संपत आलेली. सासरच्यांनी येऊन लिहून द्यावं की या दोन्ही नावांची बाई एकच आणि ती आमची सून, हा सगळ्यात जवळचा रस्ता. अर्ध्या तासाचं काम आहे, असंही ते म्हणाले.

मी बाहेर आले, रिक्षात बसले आणि कॉलेज रोडच्या सिग्नलला मला एकदम आठवलं की मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं आहे. शाळेतही तेच. म्हणजे प्रश्न पैशांपुरता नव्हताच. पासपोर्टवरच्या बाईची ती मुलगी नव्हती. कागदावर मी तिची मावशी लागत होते. माय मरो, मावशी जगो, असं आपण किती सहज बोलतो. त्या रिक्षात मला ती म्हण आठवली आणि मी इतकी घाबरले की रिक्षावाल्याला घराचं वळण सांगायचं विसरले.

घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, करू की, त्यात काय एवढं. सासूबाई पोळ्या लाटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. मग दिंडोरीला कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. मग सासऱ्यांचा गुडघा दुखायला लागला, जो एरवी सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचा. कुणी मला नाही म्हणत नव्हतं. जेवायला वाढताना तूप जास्तच पडत होतं. मी विषय काढला की पोरीच्या अभ्यासाचं निघायचं आणि पोर पुस्तक घेऊन आजीच्या मांडीला टेकून बसायची. तिचे कान हुबेहूब तिच्या बापासारखे आहेत. ती वाचत असताना सासूबाई ते कुरवाळत राहायच्या. त्या बाईने एकुलता एक मुलगा चितेवर गेलेला पाहिलाय आणि हे मी कधी विसरले नव्हते. विसरता आलं असतं तर भांडणं सोपं गेलं असतं.

एका सकाळी स्वयंपाकघरातून कुणीतरी मला माहेरच्या नावाने हाक मारली. मला वाटलं भाऊ आला, मी दाराकडे धावले. दारात कुणी नव्हतं. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, चहा गार होतोय. लग्नापासून त्यांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. आपण ठेवलेलं नाव त्या इतक्या हौसेने घ्यायच्या की शेजारणी चिडवायच्या. त्या दिवसापासून सासरचं नाव त्या घरात बंद झालं. सासरेही अडखळत माहेरच्याच नावाने बोलावू लागले. पाहुणीशी बोलावं तसं दोघं माझ्याशी आदराने वागत होते आणि माझी झोप उडाली होती.

मी एकदा स्पष्टच विचारलं. सही करायची नसेल तर तसं सांगा. सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं की शाळेची फी सोडली तर पैशांना त्यांनी हात लावलेला नाही, सगळे जागच्या जागी आहेत. मग म्हणाल्या, "पोर इथं ठेवायचं लिहून दे, उद्या सही करते. पैसं घेऊन जा तू."

पैसे तर मला पोरीसाठीच हवे होते. त्यांना ते माहीत होतं. माझ्यापेक्षा आधीपासून माहीत असावं.

निघायच्या दोन दिवस आधी त्या आपणहूनच म्हणाल्या, चल बँकेत. मला वाटलं, विरघळल्या. शाळेला सुट्टी होती, पोरीलाही बरोबर घेतलं. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या, पोरीची वेणी त्यांनी स्वतः घातली. रिक्षात ती आमच्या दोघींच्या मधे बसली होती आणि आयर्लंडला बर्फ पडतो का, कुत्रं पाळता येतं का, असं काहीबाही विचारत होती. मी उत्तरं देत होते. आशा वाईट असते, मी चक्क खुशीत होते.

साहेबांनी सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. पासबुक दाखवून विचारलं, काकू, ही तुमची सून ना? त्या हो म्हणाल्या. मग साहेबांनी पासपोर्ट उघडून पुढे सरकवला आणि माझं माहेरचं नाव वाचून विचारलं, आणि या मॅडम त्याच ना?

सासूबाईंनी पासपोर्टकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, रडून रडून कोरड्या झालेल्या बाईची नजर होती ती. पदर सावरून त्या म्हणाल्या, "माझ्या सुनंचं नाव मी ठेवलेलं हाय. या नावाच्या बाईला मी ओळखत नाय."

साहेबांचा चेहरा उतरला. काय चाललंय ते त्यांना कळलं असणार, कारण ते खुर्चीतून पुढे वाकले, आवाज मऊ केला आणि माझ्या मुलीला म्हणाले, बाळ, तू सांग बरं, या कोण तुझ्या?

मुलीने तोंड उघडलं. पण बोलण्याआधी तिने आजीकडे पाहिलं. घाबरून नाही, शाळेत उत्तर द्यायला उभं राहिलं की मुलं बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात तसं. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आजीकडे. तिचे ओठ हलायला लागले होते. ती काय म्हणणार होती ते मला आजही माहीत नाही.

"तिला विचारू नका," मी म्हणाले.

परवा माझं विमान होतं. त्यानंतर तिला त्याच घरात जेवायचं होतं, याच बाईच्या कुशीत झोपायचं होतं. मी पासपोर्ट उचलून पर्समध्ये टाकला. साहेब काहीतरी राजपत्राचं, वकिलाचं सांगत होते, मी मान हलवत होते. बाहेर गंगापूर रोडला गाड्यांची रीघ लागली होती. रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला, पण तिने आजीचा आधीच धरला होता.