आईची बोलकी पेटी

पेणच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानापुढून जाताना वायरी जोडायच्या तापलेल्या सोल्डरचा वास आला, की मला रोह्याची ती पेटी आठवते. आईची नजर गेली होती. ती रोह्याला भावाकडे असायची आणि मी इथे पेणला नोकरीत अडकलेली. सुट्टीच्या दिवसांत बसून मी पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर, एक स्पीकर आणि काही वायरी प्लास्टिकच्या डब्यात जोडून तिच्यासाठी बोलकी पेटी केली. पेटी माझ्याच आवाजात वेळ सांगायची, औषधाची आठवण करून द्यायची, आणि आई खाटेवरून तिला उत्तर द्यायची, "व्हय गो, घेते." त्या वर्षी गणपतीला घरी पोचले, तर आरतीच्या तालावर मखराचे दिवे नाचत होते आणि भावाच्या कंपनीतले मित्र त्याची पाठ थोपटत होते. आईच्या उशाशी पेटी नव्हती. विचारलं, तर भाऊ हसून म्हणाला, "तोच कॉम्प्युटर लावलाय मखराला. दिवसभर बडबड करायचा, डोकं उठायचं." "आणि माझा आवाज?" "तो पुसला. आता नाय." आईने चाचपडत माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गो, सणाचं भांडू नको. मला कुकरच्या शिट्टीवर कळते वेळ." मी आरतीला टाळ्या वाजवल्या. आई आता नाही. भाऊ मात्र दर गणपतीत फोन करतो, "दिवे लागत नाय गो, काय करू?" आणि मी त्याला एकेक वायर समजावून सांगते.